वाऱ्याच्या आडोशाला

१

फिल्टर पांढरा होता.

शाहिस्ता मुलाणींनी तो खिडकीपाशी उजेडात धरला. नवाकोरा नव्हता, धुऊन वाळवलेल्या पंच्यासारखा, किंचित पिवळट. एका कोपऱ्यात तंतू गोळा होऊन वाळले होते, पिळल्यावर कापडाचे होतात तसे. चौकटीवर हवेची दिशा दाखवणारा बाण होता. फिल्टर काढायच्या आधी त्यांनी तो नीट पाहून ठेवला होता. बाणाचं टोक घराबाहेर होतं. ते आत असायला हवं होतं.

खिडकीतून खालचं खोरं दिसत होतं. तीन ठिकाणी धूर उभा होता. भाताची रोपं टाकायची जागा आधी भाजून घ्यायची, तिला इथं राब म्हणतात. माघ-फाल्गुनात वेल्ह्याच्या या खोऱ्यात असा एक दिवस जात नाही की कुठंतरी राब पेटलेला नाही.

गोरख खाली स्टूल धरून उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

हे घर त्यानं बायकोसाठी बांधलं होतं. नूतनला दमा. धूर सोसायचा नाही, ओल सोसायची नाही. म्हणून जाड भिंती, दुहेरी काचा, दारांना रबर. गावात या घराला थर्मास म्हणत. अशा बंद घराला श्वास घ्यायला माळ्यावर एक मशीन होतं. ते शिळी हवा बाहेर टाकायचं आणि ताजी आत आणायचं. मशीनमध्ये पातळ पत्र्यांचा गठ्ठा. पत्र्याच्या एका बाजूनं जाणारी हवा आपली ऊब पत्र्याला देऊन जायची, दुसऱ्या बाजूनं येणारी हवा ती घेऊन आत यायची. दोन्ही हवा एकमेकींना शिवत नसत. येणारी हवा आधी या फिल्टरमधून गाळली जाई.

माघातल्या एका सकाळी नूतन याच घरात मरून पडलेली सापडली. ओली बाळंतीण. रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघाला. काहीतरी अर्धवट जळलं की तयार होणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. पण घरात काही जळत नव्हतं. गॅस बंद होता, पाणी उन्हावर तापायचं, बाळंतिणीच्या शेकाची शेगडी खोलीत नव्हती. यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग उरलं मशीन, आणि ते बसवणारा भोरचा शाकिर.

शाहिस्ता मॅडमनी भोरच्या कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. गोरख आणि शाकिर त्यांच्या प्रयोगशाळेत एकाच टेबलावर असत. ठाण्यातला फौजदारही त्यांचाच विद्यार्थी. सोमवारी तो शाकिरवर गुन्हा दाखल करणार होता. त्याआधी त्याला मॅडमचं मत हवं होतं. दोन ओळी लिहा, म्हणाला.

"हे मशीन बंद कधी केलंत?" त्यांनी विचारलं.

"त्याच सकाळी. पोलिसांच्या समोर."

"नंतर चालू केलं नाही?"

"नाही मॅडम."

"आणि हा फिल्टर?"

"शाकिरनं दिवाळीत बसवला तोच. आम्ही कुणी हात लावला नाही."

"शाकिर इथं येऊन गेला का नंतर?"

गोरखनं स्टुलावरची पकड बदलली. "मातीला आला होता. आम्ही सगळे नदीवर गेलो तेव्हा मागं थांबला थोडा वेळ."

दिवाळीपासून माघापर्यंत या मशीननं खोऱ्यातली हवा ओढली होती. चुलींचा धूर, वणव्यांचा धूर, पहिल्या राबांचा धूर. वरवे बुद्रुकला शाकिरनंच बसवलेलं असं एक मशीन शाहिस्ता मॅडम आज सकाळीच पाहून आल्या होत्या. तिथला फिल्टर तव्याच्या बुडासारखा होता. हा पांढरा. धुतल्यानंतर मशीन एक दिवस जरी चाललं असतं तरी करडी साय धरली असती. तीही नव्हती.

म्हणजे मशीन बंद झाल्यावर हा फिल्टर धुतला होता. नूतन मेल्यावर.

२

"मी धुतला असं म्हणतोय का गोरख?" शाकिरनं विचारलं.

"म्हणत नाही. तू मागं थांबला होतास एवढंच म्हणाला."

भोरच्या बाजारपेठेतलं शाकिरचं दुकान बंद होतं. तो घराच्या ओट्यावर बसला होता. त्याच्या आईनं, रुकसानानं, चहा आणून ठेवला आणि दाराआड उभी राहिली.

"थांबलो होतो. नूतनच्या पोरीजवळ कुणी नव्हतं म्हणून. नूतनची आई, रतनमावशी, भिंतीला टेकून बसलेल्या, त्यांना शुद्ध नव्हती. पोरगी रडत होती, ती घेऊन बसलो. मशीनकडं बघायची हिंमत नव्हती मॅडम."

"फिल्टर उलटा बसवलाय. बाण बाहेर."

शाकिरनं पहिल्यांदा मान वर केली. "मी बाण उलटा लावला तर माझ्या धंद्याला आग लावा. ज्याला बसवायचं माहीत आहे पण हात थरथरत होते, त्याचं काम आहे ते."

"कुणाला माहीत आहे?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "गोरखला मीच शिकवलं होतं."

"मशीनची मोटर जळाली असेल?"

"जळाली असती तर घरभर वास सुटला असता. आणि मोटर जळाली की पंखा थांबतो. पंखा तर चालू होता, पोलिसांनीच बंद केला. मशीनमध्ये आग नाही मॅडम. ते फक्त इथली हवा तिथं नेतं. जे त्याच्या तोंडाशी ठेवाल ते नेतं."

"तोंड कुठं आहे?"

"मागच्या भिंतीला. कमरेएवढ्या उंचीवर जाळी आहे बघा." तो ओशाळल्यासारखा हसला. "मी वर घेऊ म्हणालो होतो, छपराजवळ. गोरख म्हणाला, आमच्याकडचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, पाइपात पाणी जाईल. डोंगराच्या बाजूला खाली घे, तिथं वारं नाही, धूर नाही. मला पटलं. तिथं वारं खरंच नसतं."

मागून रुकसाना म्हणाली, "मॅडम, याला आत टाकलं की दुकान गेलं. आणि लोक काय ते मशीन म्हणणार नाहीत, आपलं नाव म्हणणार."

शाहिस्तांनी चहा संपवला. 

३

दुसऱ्या दिवशी त्या परत वेल्ह्याला आल्या. गोरखच्या घरापुढच्या भातखाचरात शेजारच्या सोनबाचा राब रचून तयार होता. खाली शेण, वर टहाळ, त्यावर पाचोळा आणि मातीचा थर. थरावर गवताची कोवळी पाती उगवली होती.

गेल्या वर्षी याच राबाच्या धुरावरून सोनबा आणि गोरखची जुंपली होती, हे गावात प्रत्येकानं त्यांना सांगितलं होतं. सोनबानं मुद्दाम धूर केला, तोच मशीननं ओढला, असंही दोघातिघांचं म्हणणं होतं.

"तुमी त्या शाकिरच्या बाजूनं आलासा न्हवं?" बांधावर बसलेल्या सोनबानं विचारलं. "तुमच्यातलाच हाय त्यो."

"माझ्याकडं शिकलेला आहे. गोरखही शिकलाय."

"मंग दोगांस्नी बी अक्कल कमी शिकिवली. घराला नाक बसवत्यात व्हय कुणी?" तो तंबाखू मळत राहिला. "भांडलो म्या, खोटं कशाला बोलू. म्या म्हनलं, माजा राब बापजाद्यापास्नं हितं हाय, तुजा थर्मास काल आलाय. पर औंदा पेटिवला न्हाई. बगा की, उभा हाय तसा."

"का नाही पेटवला?"

"पोर बाळंत झाली आन् म्या धूर करू? सव्वा म्हैना जाऊ दे म्हनलं." मळणारा अंगठा थांबला. "आता पेटवायला कुणाची आडकाठी न्हाई. पर हात हुत न्हाई बाई."

त्यांनी राबाच्या कडेला वाकून पाहिलं. खालची माती कच्ची होती. या वर्षी इथं आग लागली नव्हती.

"त्या सकाळी तुम्ही इथं होता?"

"हितंच. गोरख रातपाळीवरनं आला, फटफटी लावली, आत गेला. मंग वरडला. म्या धावलो. पोर गार झालेली. रतनबाईला म्याच धरून बसिवली. गोरख मागल्या दारानं भाईर गेला. म्हनलं, ओकाय गेला आसंल."

"मग?"

"मंग मागनं वाफ उठली, ही एवढी. भस्सकन आवाज बी झाला. म्हनलं पाणी तापत ठिवलं हुतं, सांडलं आसंल."

"त्या घरात पाणी छपरावर तापतं, सोनबा. उन्हावर."

सोनबानं त्यांच्याकडं पाहिलं. मग तंबाखू तोंडात न टाकताच झटकून दिली.

४

रतनबाई स्वयंपाकघरात उघड्या खिडकीखाली बसली होती. मांडीवर नात. नूतनचं माहेर डोंगरात वर, चुलीच्या धुरानं काळं झालेलं. तिथं लेकीचा दमा उसळेल म्हणून बाळंतपणाला आईच इकडं आली होती.

"बसा, बाई. च्या करू?"

"नको. शेगडीचं विचारायचं होतं."

"समद्यांनी इचारलं." तिचा आवाज सपाट होता. "शेक द्यायचा, धुरी न्हाई. पोरीला दम हुता, येवढं कळतंय मला. शेक झाला की शेगडी लगीच भाईर. आत येक घटका ठिवली न्हाई. लेकराची आन."

"बाहेर नेऊन पाणी ओतायच्यात?"

रतनबाई दचकली. "बाळंतिणीचा इस्तू पाण्यानं इझवत्यात व्हय? सव्वा म्हैना जित्ता ठिवायचा. राखंखाली झाकायचा, सकाळी फुकला की पेटतो. माज्या आईनं माज्यासाटी केलं, म्या हिच्यासाटी."

"रोज बाहेर कोण न्यायचं?"

"जावईबापू. कवा मला उचलू दिली न्हाई. म्होरल्या अंगणात, पार तुळशीच्या पल्याड निऊन ठिवायचे. म्या म्हनायची, थितं वाऱ्यानं इझंल. तर हसायचे निस्ते. कंदी उलटून बोलले न्हाईत मला." तिनं नातीच्या टाळूवरून हात फिरवला. "त्या राती त्यांची रजा सरली, कामावर गेले."

"मग शेगडी तुम्ही नेली."

"म्या नेली. वारं सुटलं हुतं. मागं आडोशाला ठिवली."

बाळ कुरकुरलं. तिनं त्याला खांद्यावर घेतलं आणि अचानक आवाज खाली आणला.

"बाई, तुमी शिकल्याल्या. येक इचारू? म्या ही खिडकी उगडी ठिवली हुती रातभर. बंद घरात माजा जीव घाबरतोय. पोरगी रडत हुती, नूतनला नीज यावी म्हनून हिला घिऊन हितं निजले. गोरखराव सांगत हुते, खिडक्या उगडल्या की मशीनचं गणित चुकतं. त्यानं तर न्हाई ना बिघाडलं?"

"नाही," शाहिस्ता म्हणाल्या. "खिडकीनं काही बिघडलं नाही. खिडकी होती म्हणून तुम्ही दोघी आहात."

रतनबाईला ते कळलं की नाही कोण जाणे. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"नूतन झोपताना काही म्हणाली?"

"म्हनली ना. खोलीतल्या जाळीखाली, वारं येतं थितं, निजायची ती. म्हनली, आये, आज वारं बी कसं गरम येतंय गं. शेक दिल्यावानी. लई बरं वाटतंय." रतनबाईनं पदर तोंडाला लावला. "म्हनलं, चला, आज तरी निवांत निजंल."

शाहिस्तांनी डोळे मिटले. आता विचारायचं काही उरलं नव्हतं. पाहायचं तेवढं होतं.

५

मागच्या भिंतीला वारा खरंच नव्हता. डोंगराचा कडा चार पावलांवर होता.

जाळी कमरेएवढ्या उंचीवर. तिच्या बरोबर खाली फरशीवर एक फिकट गोल, त्यात पायांचे तीन डाग. फरशी कुणीतरी खसाखसा घासली होती, पण भाजलेला दगड घासून निघत नाही. सरपणाच्या ढिगावर एक जुना पत्रा पडला होता. एका बाजूला मधोमध निळसर, तपकिरी ताव चढलेला. शाहिस्तांनी तो उचलून भिंतीला तिरका टेकवला. कडेला दोन्ही बाजूंनी भिंतीवर चुन्यात ओरखडे होते. पत्रा त्यांत नेमका बसला. खाली शेगडीची जागा, वर जाळी, आणि दोन्हींवर पत्र्याचं झोपडं.

बाकीचं त्यांनी उभ्या उभ्या मांडलं, फळ्यावर मांडत तसं.

हे मशीन ऊब निर्माण करत नाही. जाणाऱ्या हवेकडून घेतं आणि येणाऱ्या हवेला देतं, तीही थोडी गमावून. म्हणून थंडीच्या रात्री खोलीतल्या जाळीतून येणारी हवा खोलीपेक्षा कधीच उबदार नसते. नूतनला ती उबदार लागली. तर ती जास्तीची ऊब खोलीतली नव्हती. बाहेरून, पाइपाच्या तोंडापाशी पेटलेल्या कशातून तरी येत होती. राखेखाली झाकलेले निखारे ज्वाळेनं जळत नाहीत, धुमसतात. धूर दिसत नाही आणि वायू सर्वांत जास्त तेव्हाच होतो. वारा लागू नये म्हणून रतनबाईनं टेकवलेल्या पत्र्यानं तो बाहेर सांडू दिला नाही. मशीननं तो नेमानं, रातभर, सगळ्यांत आजारी माणसाच्या उशाशी पोचवला. सोबत राखेचे कण फिल्टरवर बसले असणार. काळ्या फिल्टरवर पांढरे.

शाकिर म्हणाला तसंच. तोंडाशी ठेवाल ते नेतं.

"मॅडम."

गोरख मागच्या दारात उभा होता. टेकवलेला पत्रा त्यानं पाहिला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"निखाऱ्यांवर पाणी तू ओतलंस," त्या म्हणाल्या. "रतनबाईनं ओतलं नसतं. शेगडी हलवलीस, फरशी घासलीस. फिल्टर धुतलास."

"राख होती त्याच्यावर." तो पायरीवर बसला. "दार उघडून मागं आलो तर शेगडी तिथं. राख मऊ, वर अजून धग. मला एका क्षणात कळलं सगळं. तुमच्याकडंच शिकलो होतो."

"रोज रात्री तू ती अंगणात न्यायचास. कारण तुला माहीत होतं."

"हो."

"रतनबाईला का सांगितलं नाहीस?"

 खालून कुणाच्या तरी राबाचा धूर वर चढत होता.

"सासू आहे मॅडम. लेकीच्या बाळंतपणाला आलेली. तिच्या शेगडीला मी विष म्हणायचं? आधीच घाबरत घाबरत वावरायची या घरात. खिडकीला हात लावताना माझ्याकडं बघायची. म्हटलं, बोलायचं कशाला, आपणच उचलून ठेवू. रोज ठेवली." त्यानं हाताच्या तळव्यांकडं पाहिलं. "कामावर जाताना दारापर्यंत आलो होतो सांगायला. ती नूतनच्या केसांना तेल लावत होती. म्हटलं, उद्या सांगू."

"आणि शाकिर?"

"मला वाटलं मशीनमध्ये काही सापडणार नाही. आपोआप सुटेल."

"तुला वाटलं, की तू वाटून घेतलंस?"

गोरख पायरीवरची माती नखानं खरवडू लागला.

"त्याच्यावर गुन्हा दाखल होतोय सोमवारी. तुम्ही नदीवर होता तेव्हा तो तुझी पोरगी घेऊन बसला होता."

"माहीत आहे." त्यानं मान वर केली. "मला आत टाका ना. मी जाळी खाली घ्यायला लावली, मी सांगितलं नाही, मी पुरावा धुतला. लिहा तसं. फक्त शेगडीचं लिहू नका. पोरगी सासूच्याच हातावर वाढतेय. मामीला कळलं तर ती राहणार नाही. आणि ती राहिली नाही तर पोरगी कुणाकडं देऊ?"

"शेगडीशिवाय शाकिर सुटत नाही, गोरख. वायू कुठून आला हे सांगावंच लागेल. मी उद्या लिहून देणार आहे, आणि जे आहे तेच लिहिणार आहे." त्या पुढं म्हणाल्या, "ठाण्यातून कागद येईल, पंचनामा होईल, सोनबा बोलेल. तिला कळणारच. कुणाकडून कळावं, एवढंच तुझ्या हातात आहे."

"तुम्ही सांगाल?"

"नाही."

६

चार वाजले असतील. ऊन ओसरीवर तिरकं आलं होतं. शाहिस्ता चपला घालत होत्या. वेल्ह्याहून भोरकडं जाणारी एसटी त्यांना गाठायची होती. गोरख खांबाला टेकून उभा होता.

रतनबाई बाहेर आली. एका हातानं खांद्याशी धरलेली नात, दुसऱ्या हातात रिकामी शेगडी. तीन पायांची, लोखंडी, घासून लख्ख केलेली.

"जावईबापू, सोनबाकडनं वाईच कोळसं आणता का? सांजच्याला गारवा पडतोय, पोरीला शेक द्यावा म्हनते." मग पाहुणीकडं वळली. "निगालासा? काय कळलं का बाई? मशीनच बिघाडलं हुतं ना?"

शाहिस्तांनी गोरखकडं पाहिलं नाही. चपलेचा पट्टा लावत राहिल्या.

"समदी तसंच म्हनत्यात," रतनबाई म्हणाली. "त्या पोराचं बी वाईट वाटतंय. त्यानं काय मुद्दाम केलं न्हाई. पर कुनाचं तरी चुकलंच आसंल की."

गोरख खांबापासून सुटा झाला. ओसरी ओलांडून तिच्यापाशी गेला. त्यानं आधी तिच्या हातातली शेगडी घेतली आणि अंगणात, तुळशीच्या पलीकडं, नेहमीच्या जागी ठेवून आला. मग परत येऊन दोन्ही हात पुढं केले.

"मामी, पोरीला माझ्याकडं द्या."

"का वं? निजलीय ती."

"द्या."

तिनं दिली. त्यानं बाळ छातीशी धरलं, मान नीट सावरली.

"मशीन बिघडलं नव्हतं," तो म्हणाला. "शाकिरची काही चूक नाही. उद्या मी ठाण्यात जाऊन तसं सांगणार आहे. पण त्याआधी तुम्हाला सांगतो. खाली बसा, मामी."